पाणगाठ

दामिआनने लाथ मारली आणि ओबदुलियाचं पातेलं उलथलं. सशाचा रस्सा तिच्या चार पोरांच्या पुढ्यात सांडला.

"खा आता! माझ्या पोरीला हेच चारलंस ना?"

सकाळीच डॉक्टरांनी त्याच्या नऊ वर्षांच्या नीवेसच्या डोळ्यामागून गाठ काढली होती. पाण्याने टच्च भरलेली, आत पांढरे कण. डोळा वाचेल का, ते सांगता येत नव्हतं. दामिआन जन्माचा शिकारी, मोरा ही त्याची शिकारी कुत्री. असल्या गाठी त्याने रानसशांच्या मांडीत शेकड्यांनी पाहिल्या होत्या. गाठीचा ससा बाजारात कुणी घेत नाही, म्हणून तो या विधवेच्या गळ्यात मारायचा. बदल्यात ती त्याच्या घरचं धुणं धुवायची. आईवेगळी नीवेस दुपारची तिच्याकडेच जेवायची.

"गाठी तुम्हीच काढून घेता, दामिआनभाऊ," ओबदुलिया रडकुंडीला आली. "आणि दोन तास रटरटवते मी. माझी पोरं रोज खातात, त्यांना काय झालंय?"

"वर तोंड करून बोलतेस? खोली माझी आहे. चालती हो!"

स्पेनमधल्या ला मांचाच्या पठारावरचा जानेवारी म्हणजे हाडं फोडणारा वारा. गावातलं एक काळं कुत्रं मध्ये पडलं नाही. ती बोचकं घेऊन निघाली, धाकटं खोकत मागे. दामिआनला बरं वाटलं, मेल्याला!

दुपारी हॉस्पिटलात त्याने छाती काढून सांगितलं, "जिने हे घातलं तिला हाकलून आलोय."

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला.

"अहो, शिजवलेल्या मांसाने हे होत नाही. गाठ कच्ची खातं ते कुत्रं. त्याच्या पोटात जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात. तिथून पोरांच्या हाताला आणि मग तोंडात. शिकारी ना तुम्ही? तुमच्या कुत्र्याला कच्च्या गाठी कोण घालतं?"

दामिआनने खाटेकडे पाहिलं.

"मीच!" पट्टी बांधलेली नीवेस खाटेवरून कौतुकाने म्हणाली. "बाबा काढून माझ्या हातात देतात. म्हणतात, तुझ्या हातून खाल्लं की मोरा तुझीच होईल. आता ती माझ्याच अंथरुणात झोपते. पण ओबदुलियामावशी भारी कटकटी हं. साबणाने हात घासून दाखवल्याशिवाय ताटच वाढत नाही. हात धुवायला लावणारी तेवढी एकटीच!"