फुकटची बस

“तू म्हणतेस तेच बरोबर आहे, अक्का,” सेतुमाधव फोनवर म्हणाला, आणि अन्नपूर्णाबाईंनी तोंडाशी नेलेला काफीचा लोटा खाली ठेवला.

रोज सकाळी चेन्नईतल्या टी. नगरहून अड्यारला हा फोन जायचा. ती तमिळ पेपर वाचून बसलेली, तो इंग्रजी. बातमी एकच, पण ही अक्का सरकारच्या बाजूची आणि तिचा हा धाकटा भाऊ हाडाचा विरोधक. दोघं मनसोक्त भांडायची, एकमेकांच्या पुढाऱ्यांच्या नकला करायची आणि काफी संपली की फोन ठेवायची. कोणाचा गुडघा धरलाय, कोणाला रात्री झोप नाही, ते त्यातच कळायचं. वेगळं विचारावं लागत नसे.

आज ती म्हणाली होती, यंदा गटारं वेळेत साफ झालीत, पावसाळ्यात तुझ्या गल्लीत पाणी तुंबणार नाही. हे तिला स्वतःलाच पटत नव्हतं. त्याला डिवचायला टाकलेला खडा होता तो. आणि हा म्हणतो, बरोबर आहे.

“मग पुढच्या वेळी मत माझ्या पक्षाला देशील?” तिनं विचारून पाहिलं.

“देईन की.”

बाईंना वडील आठवले. अप्पा शेवटच्या आठवड्यात असेच झाले होते. दूधवाला काहीही बोलला तरी हो म्हणायचे. बाईंनी सुनेला कसंबसं सांगितलं, पिशवी घेतली आणि समोर आली ती बस पकडली.

दार सेतुमाधवच्या लेकीनं, रंजनीनं उघडलं. “बाबांना परवा चक्कर आली, आत्या,” ती दारातच कुजबुजली. “बीपी वाढलंय. डॉक्टर म्हणाले, डोकं तापू द्यायचं नाही. म्हणून पेपर बंद केलाय, रिमोट लपवलाय. तुझ्याशी वाद घालणार नाही, असं कबूल करून घेतलंय. शहाण्यासारखे वागतायत अगदी.”

“ते कळलं मला फोनवर,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

पोरीचं काही चुकत नव्हतं. भाऊ हवा होता, भांडणात जिंकायचं थोडंच होतं. तेव्हा त्यांनीही ठरवलं, तोंड आवरायचं. जन्मात कधी न केलेली गोष्ट. बाल्कनीजवळच्या खुर्चीत सेतुमाधव गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्या म्हणाल्या, ऊन वाढलंय. तो म्हणाला, हो. त्या म्हणाल्या, इडलीचं पीठ या हवेत लवकर आंबतं. तो म्हणाला, आंबतं खरं. शेवग्याच्या शेंगा महागल्या. महागल्या.

मग विषयच संपले. ज्याच्याशी बोलून कधी पोट भरलं नाही, त्याच्यापुढे काय बोलावं ते बाईंना सुचेना. रडू यायला लागलं, तशा त्या उठल्या. “येते रे. जप.”

सेतुमाधव खाली बघत होता. तसाच म्हणाला, “आलीस कशी?”

“बसनं.”

“कुठल्या?”

बाईंनी रंजनीकडे पाहिलं. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. “गुलाबी. आमच्या सरकारची, बायकांना फुकटवाली.”

त्याच्या हाताची बोटं खुर्चीवर वाजायला लागली. “फुकट काही नसतं, अक्का.”

“बाबा,” रंजनी म्हणाली.

“एवढंच सांगतोय. कोणीतरी भरतंच ना? मी भरतो. टॅक्स.”

“तुझ्याच टॅक्सनं आले. खिडकीची जागा मिळाली,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि पिशवी खाली ठेवली.

“आणि त्या बसची पायरी? ती बघितलीस किती उंच आहे ती? तुझ्या या गुडघ्यांनी चढायचं कसं? योजना काढतात, फोटो लावतात. पायरी वीतभर खाली आणा म्हणावं, ते नाही जमत.”

“तुमच्या पक्षाच्या राज्यात पायरी होती, बसच यायची नाही.”

रंजनी धावत जाऊन बीपीचं मशीन घेऊन आली आणि त्याच्या दंडाला पट्टा बांधला. “बाबा, बोलू नका, आकडा नीट येत नाही.” पट्टा फुगला, मशीन गुरगुरलं आणि चूक झाल्याची खूण दाखवून बंद पडलं. तिनं परत लावलं. परत तेच. तो थांबेल तर ना. मतदारयादीपासून मेट्रोच्या खड्ड्यांपर्यंत पोचला होता तो, आणि मध्येच अक्काच्या पुढाऱ्याची चाल करून दाखवत होता. अन्नपूर्णाबाई डोळे पुसत हसत होत्या.

रंजनी मशीन मांडीवर घेऊन बघत राहिली. परवापासून घरात हा आवाज नव्हता. मग ती उठली. “काफी अर्धा अर्धा लोटा देते. भांडण तेवढंच.”

“अर्ध्या लोट्यात माझी गटारंसुद्धा होणार नाहीत,” सेतुमाधव म्हणाला.

काफी संपली तशा बाई रंजनीच्या शब्दाला मान देऊन निघाल्या. घरासमोरच बसथांबा होता. रस्ता ओलांडून त्या उभ्या राहतात न राहतात तोच वरून हाक आली. सेतुमाधव बाल्कनीत आला होता, दंडावरचा पट्टा तसाच लोंबत होता. काहीतरी राहून गेलं होतं त्याचं. सरकार, पायरी, गुडघे, सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मागून रंजनीनं त्याला खुर्ची आणून दिली.

गुलाबी बस आली. “एरुम्मा, एरु,” कंडक्टरनं चढायची घाई केली. तेवढ्यात त्याची नजर बाल्कनीतून हातवारे करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. कोण ओरडतंय तुमच्यावर, त्यानं तमिळमध्ये विचारलं.

“माझा धाकटा भाऊ,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “तुम्ही जा. मी मागच्या बसनं येते. त्याचं अजून संपलं नाही.”