स्वर्गीय विद्यालक्ष्मी

चेन्नईतल्या वेस्ट मांबलम भागातल्या जुन्या बँकेच्या इमारतीवर एका वारसा मंडळानं पाटी लावली : ‘या शाखेच्या पहिल्या महिला व्यवस्थापक, स्वर्गीय विद्यालक्ष्मी.’

ती वाचून कीर्तनाचा पारा चढला, कारण विद्यालक्ष्मी आत्या तिच्या शेजारीच उभी राहून पाटीचे फोटो काढत होती.

कीर्तनानं तिथूनच मंडळाच्या सचिवांना फोन लावला. “मी कीर्तना बोलतेय. माझी आत्या विद्यालक्ष्मी चांगली ठणठणीत आहे. चौकशी न करता असं कसं लिहिता?”

सचिव गोंधळले. “अहो, चौकशी केली होती. जिवंत माणसाचं नाव पाटीवर घालायचं नाही, असा आमचा नियम आहे. त्या गेल्याचं तुम्हीच फोनवर सांगितलंत. कीर्तना, त्यांची भाची. किती रडत होतात तुम्ही.”

कीर्तनानं सावकाश फोन खाली घेतला. “आत्या, माझं नाव सांगून तू फोनवर रडलीस?”

“मरेपर्यंत थांबले असते, तर ही पाटी मला कोणी वाचून दाखवली असती?” आत्या पाटीवरची धूळ पदरानं पुसत म्हणाली. “आणि रडू म्हणशील, तर फोन आला तेव्हा मी सांबारासाठी छोटे कांदे सोलत होते.”