मागच्या चाकाचा जोर

गॅरेजवाल्या रोहिदासनं तात्याबाच्या जीपचं मागचं डिफरन्शियल, दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा, खोललं, आतल्या प्लेटा हातावर घेतल्या आणि एक शिवी हासडली.

"मामा, ह्या प्लेटा हायत का भाकरीचा तवा? पार गुळगुळीत!"

"नवं बसव," तात्याबा खेकसला. "पर असंच, लिमिटेड स्लिपचं. सून नवव्या महिन्यात हाय. केंदूरच्या आमच्या पाणंदीत गाडी रुतली तर काय, डोक्यावर घिऊ तिला?"

तात्याबाचा लेक मल्हारी गॅरेजच्या दारातच उभा होता. बायको त्याची, बाळ त्याचं. पण दवाखान्यापर्यंत गाडी बाप चालवणार होता. चार वर्षांपूर्वी भर दुपारी आईला, धुरपदाला, साप चावला. मल्हारीनं तिला ह्याच जीपमध्ये घातलं. पाट फुटून पाणंदीचा राडा झालेला. मागचं एक चाक नुसतं जागेवर फिरत राहिलं. शेवटी खांद्यावर घेऊन पळाला, पण डांबरीला लागेस्तोवर ती गेली होती.

दहाव्याला, अख्ख्या भावकीसमोर, तात्याबा म्हणाला, "आईला ह्यानं मारलं. घाबरून नुसती रेस दाबीत बसला." पुढं लग्नात, बाजारात, पारावर, चार माणसं भेटली की तेच. स्टेअरिंगला परत हात लावू दिला नाही. पोरानं कधी उलटून शब्द काढला नाही.

रोहिदासनं एक प्लेट उजेडात धरली. "एक चाक चिखलात फिराया लागलं की ह्या प्लेटा दुसऱ्या चाकाला जोर देत्यात. पर ह्याला तेल येगळं लागतं, मामा. हितं वर्षानुवर्षं साधं गिअर ऑईल घातलंय. प्लेटा कवाच मेल्यात. असल्या गाडीत डायवर काय करणार? देव बसला असता तरी निघाली नसती." मग त्यानं सहज विचारलं, "तेल कोण बदलायचं?"

दर दिवाळीला गाडीखाली तात्याबाच शिरायचा. मेहुण्याच्या ट्रकचं उरलेलं तेल, फुकटातलं. दुसऱ्या कुणाला तो बूचसुद्धा खोलू देत नसे. लेकाला तर नाहीच नाही.

त्यानं दाराकडं पाहिलं. मल्हारी त्याच्याकडंच बघत होता.

"मीच बदलायचो, दादा," मल्हारी रोहिदासला म्हणाला. "आमच्या आबांना म्हाईत नव्हतं."

एक शब्द पुरला असता. 'न्हाई' एवढाच. तो तात्याबाच्या ओठापर्यंत आलाही.

"बघितलंस, रोहिदास?" तात्याबा म्हणाला. "तरी मी सांगत हुतो, ह्याच्या हातात काय द्यायची सोय न्हाई."