एकच प्रत

"घ्या तुमचं पुस्तक," म्हणत धर्मेंद्रनं कादंबरी टेबलावर आपटली. "अन् ते फोनवरचं बंद करा आता."

ग्रंथपाल ज्योत्सनाबाईंनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. तुमसरच्या वाचनालयात याची एकच प्रत होती आणि ती दोन वर्षांपासून धर्मेंद्रकडे होती. मागायला गेलं की 'वाचून राहिलो' एवढंच उत्तर. राइस मिल चालवणाऱ्या माणसाला हा वाचनाचा नाद कुठून लागला, याचं लोकांना कौतुक वाटे. शिवाय लेखिका त्याची सख्खी बहीण, दामिनी. कॅनडात जाऊन बेकरीत मैदा मळणाऱ्या एका बाईची गोष्ट तिनं लिहिली होती. भाऊ बहिणीचं पुस्तक उशाशी घेऊन झोपतो, असं लोक म्हणत. उशाशी कुठलं, मिलमधल्या लोखंडी कपाटात होतं, कुलपात.

"बंद करणं माझ्या हाती नाही, भाऊ," ज्योत्सनाबाई म्हणाल्या. "देशभरातल्या वाचनालयांनी मिळून निवडली ही कादंबरी. पंधरा दिवस कोणीही फोनवर फुकट उघडावी. हजार जणांनी एकदम उघडली तरी प्रत संपत नाही."

"तुमसरपुरती बंद करा मंग."

"तुमसरपुरतं काही नसते त्याच्यात."

"मॅडम, कमिटीत माह्ये लोक आहेत. उद्या या खुर्चीवर दुसरी बाई बसंन."

"बसू द्या नं. तिलेही हेच सांगा लागंन तुम्हाले. कमिटीतल्या चौघांनी कालच उघडली."

धर्मेंद्रचं डोकं भणाणलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्यानं ती दोन वर्षं आवळून धरली होती, आणि आता गावातला चहावालासुद्धा ती उघडून बघणार होता. कादंबरीतलं एक प्रकरण त्याला तोंडपाठ होतं. बाप वारतो. लेक रोज परदेशातून फोन करते आणि भाऊ रोज सांगतो, बाबा झोपले आहेत. तेरवी आटोपल्यावर तिला खरं कळवतो.

घडलं होतं तसंच. पण त्या दिवसांत धर्मेंद्रनं घरात काय सांगितलं, ते पुस्तकात नव्हतं. दामिनीला कळवलं, ती येत नाही म्हणते, असं त्यानं आईला, शकुनबाईंना, सांगितलं होतं. त्यानंतर सहा वर्षं शकुनबाईंनी लेकीचा फोन घेतला नव्हता. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिला अक्षर दिसत नाही, एवढाच आता त्याला आधार होता.

"आत कोण आहे?" त्यानं विचारलं. आतल्या खोलीतून बायकांची कुजबुज येत होती.

"ज्यांना वाचता येत नाही, त्यांना फोनच वाचून दाखवतो," ज्योत्सनाबाई म्हणाल्या. "सकाळपासून बसल्या आहेत."

दारातूनच त्याला आई दिसली. भिंतीकडच्या खुर्चीवर, कानांत इअरफोन, मांडीवर वाचनालयाचा फोन. सकाळी महिला मंडळात जाते म्हणून निघाली होती.

"आई, चाल घरी." त्यानं तिच्या खांद्याला हात लावला.

शकुनबाईंनी एका कानातला इअरफोन काढला.

"कवा सांगतलं तू तिले?"

"आई, कादंबरी आहे ते. लोक मनचं लिहितात."

"मी कादंबरीचं नाई विचारून राहिली. तुले विचारून राहिली. तुह्या बापाची तेरवी झाली, तवा तिले मालूम होतं का नाई?"

शेजारच्या दोघींनीही आपापले इअरफोन काढले. धर्मेंद्रला आईची दया आली नाही, त्या दोघींचाच राग आला.

"लोकं पाहून राहिले. घरी चाल, सांगतो," म्हणत त्यानं फोन घ्यायला हात घातला. शकुनबाईंनी त्या हातावर फटका मारला. फोन पदराखाली ओढला.

"सहा वरस मी तिले शिव्या देल्या," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

"ती आली असती त मिलीत हिस्सा मागतला असता," धर्मेंद्रच्या तोंडून निघून गेलं. "मी आपल्या घराचं पाहिलं. इथं तुले सांभाळून कोण राहिलं? ती का मी?"

शकुनबाईंनी त्याच्याकडे मान वळवली नाही. दाराशी ज्योत्सनाबाई येऊन उभ्या होत्या. त्यांची चाहूल लागून शकुनबाईंनी पदराखालचा फोन त्यांच्यापुढे केला.

"पोरी, हे मांगं कसं नेतात वं?" त्यांनी विचारलं. "याच्या बोलण्यात माह्या लेकीचं हुकलं."