केबल काढल्यावरही

“बाबा, तुमचा हा म्हातारा कॉम्प्युटर भुतं पकडतो का?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने विचारून टाकलं. बाबा हसले. “स्वतःची डिस्क पकडत नाही तो, भुतं कसली पकडतोय!”

हट्टाने मिळवलेल्या तिच्या स्वतंत्र खोलीतच दुरुस्ती चालली होती. सुरू होताना कॉम्प्युटर डिस्क वगैरे जोडणाऱ्या स्कझी केबलवरच्या प्रत्येक उपकरणाला जणू हाक मारायचा आणि जो ओ देईल त्याची एक ओळ स्क्रीनवर उमटायची. डिस्क काही ओ देत नव्हती.

दोष शोधायला बाबांनी केबलच काढून बाजूला ठेवली. तरी दोन ओळी उमटल्या.

“केबल जोडायचं कार्डच गंडलंय,” बाबा पुटपुटले.

आई आत आली. “जेवायला येताय, की ताटात हाच डबा वाढू?”

बाबांनी जाता जाता पुन्हा बटण दाबलं. तीन ओळी.

तिने खोलीतली माणसं मोजली आणि तिला खुदकन हसूच आलं. हा तर आपल्यालाच मोजतोय! मैत्रिणी वेड्या होतील ऐकून. आईबाबा खाली गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि ऐटीत मशीन सुरू केलं.

एक ओळ आली. बरोब्बर!

मग सावकाश दुसरी आली.

दार तिच्या पाठीमागे होतं. डोळे घट्ट मिटून ती वळली, चाचपडत दार उघडलं आणि जिन्याकडे धावली.

खाली ताटावर बसलेल्या आईबाबांना ती एका दमात म्हणाली, “आजपासून मी तुमच्याजवळ झोपणार. ती खोली राहू दे त्याला.”