काचेचा पाट

१९७४ साल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रगत फ्लुइड मेकॅनिक्स घेणारी ती एकटीच मुलगी. भावाची याच कॉलेजात अर्धवट राहिलेली पदवी आपण पुरी करायची, एवढाच तिचा हट्ट.

भाऊ तीन वर्षांपूर्वी नदीवरच्या बंधाऱ्याखाली बुडाला होता. बरोबर पोहायला गेलेला शेजारचा मित्र वाचला. त्याच्या दोन्ही खांद्यांवर काळेनिळे वळ होते.

"काकू, तो मला खाली दाबत होता," त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. "मी वर आलो की खांद्यावर पाय रोवून पुन्हा दाबायचा. जाऊ दे. मी मनात ठेवलेलं नाही."

आईची मान खाली गेली ती गेलीच. मुलाचा फोटो तिने भिंतीवरून काढून ट्रंकेत पालथा घातला. "स्वतःच्या जिवासाठी दुसऱ्याच्या पोराला बुडवायला निघाला," एवढंच म्हणायची.

बहिणीला मात्र भावाची बोटं आठवत. सदा कापलेली, पट्ट्या बांधलेली. "कॉलेजात जातोस की काचकारखान्यात?" आई करवादायची आणि तो नुसता हसायचा.

त्या हिवाळ्यात आई गेली. मान वर न करताच गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सरांनी वर्गाला प्रयोगशाळेत नेलं.

लांब काचेच्या पाटातून पाणी सोडलं होतं. मध्ये वीतभर उंचीचा बंधारा. सरांनी त्याच्याखाली एक बूच टाकलं. ते फेसात गरगरत राहिलं. वर यायचं, बंधाऱ्याकडे ओढलं जायचं, पुन्हा खाली.

"वर यायची धडपड करणारा इथून सुटत नाही," सर म्हणाले. मग काठीने त्यांनी ते बूच पार तळापर्यंत दाबलं. तळाच्या पाण्याने ते झटक्यात पुढे फेकलं, शांत प्रवाहात.

"सर, बुडणारा माणूस काय आकडेमोड करत बसणार?" मागून एकाने विचारलं. वर्ग हसला.

"नाही. त्याला आधीपासून ठाऊकच असावं लागतं."

ती काठीच्या टोकाकडे पाहत राहिली.

मित्र त्याआधीच परदेशी गेला होता. नातवंडांत म्हातारा होऊन तिकडेच वारला. शेवटपर्यंत म्हणे, मी त्याला माफ केलं. सर निवृत्त झाले. ती त्याच प्रयोगशाळेत शिकवू लागली, आणि दर वर्षी कुणीतरी तोच प्रश्न विचारून वर्गाला हसवी. मग ती पाटाच्या जुन्या काचेवर हात ठेवी आणि म्हणे, "हा पाट ज्याने बनवला, त्याला ठाऊक होतं. तो माझा भाऊ."