पाच इंजेक्शनं

"आधी तुम्ही झोपा," क्रांती म्हणाली आणि तिने राहीबाईंना चक्क खालच्या गादीवर आडवं केलं.

राहीबाई जालन्याकडच्या गावाहून सकाळीच घणसोलीत पोचल्या होत्या. चहाचा कप अजून विसळला नव्हता, आणि ही भावजय नणंदेला गादीवर लोळवतेय! क्रांतीने त्यांच्या अंगाखालची चादर दोन्ही मुठींत धरून ओढली, तशा राहीबाई अलगद कुशीवर वळल्या.

"पाहिलंत? माणूस नाही ओढायचा, चादर ओढायची. दर दोन तासांनी. नाहीतर पाठीला जखमा होतात."

राहीबाईंचा धाकटा भाऊ सुगत पलंगावरून मजा बघत होता. न्हावा शेवाला कंटेनरवरून पडला त्याला तीन वर्षं झाली. कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून त्याला वळवणं, धुणं-पुसणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, वर बेलापूरच्या ऑफिसातली नोकरी, असं सगळं क्रांतीच एकहाती बघत होती. आणि आता दवाखान्याची पाळी तिच्यावर आली होती. "स्टेम सेल ट्रान्सप्लांटचं आहे, अक्का. क्रांतीला जायचंय. आठवडाभर ये," एवढंच सुगत फोनवर बोलला होता. राहीबाईंना त्यातलं ट्रान्सप्लांट तेवढं कळलं. गावचे एक मास्तर त्यासाठीच शहरात गेले होते. ते काही परत आले नाहीत.

"अक्का, मला नेमकं काय—" क्रांतीने सुरुवात केली.

"काही सांगू नको!" राहीबाईंनी कानांवर हात ठेवले. "आजाराचं नाव घरात काढायचं न्हाई. नाव घेतलं की बस्तान मांडतं ते."

"विहारात जाणारी बाई तू, आणि असलं बोलतेस?" सुगत हसला.

"तू गप रे!"

त्यांची रीतच होती ती. नवऱ्याचं दुखणंसुद्धा त्यांनी चार वर्षं 'ते' म्हणूनच काढलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नर्स यायला लागली. रोज सकाळी एक इंजेक्शन, असं पाच दिवस. तिसऱ्या दिवशी क्रांतीची कंबर, मांड्या, बरगड्या आतून ठणकायला लागल्या. जड उचलायचं नाही अशी नर्सची ताकीद. पण स्वस्थ बसेल तर ती क्रांती कसली! खुर्चीत बसून तिची शिकवणी चालूच. टाचांखाली उशी ठेवा. पिशवी पलंगाच्या वर येता कामा नये. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

"मुकादमीण हाय नुसती," राहीबाई पुटपुटायच्या आणि मोरीत जाऊन डोळे पुसायच्या. बाईला उठता-बसता कळ येत होती, पण तोंडात सारखं सुगतचंच. धन्य आहे बाईची!

आणि सुगत? त्याला काही सोयरसुतक नव्हतं. "जोरात कामाला लागलीत तुझी हाडं," म्हणून बायकोला चिडवत होता. ती इथं जिवाशी खेळतेय आणि हा दात काढतोय! राहीबाईंनी त्या दिवशी त्याला मुद्दाम अळणी वरण वाढलं.

त्यांना एकच धास्ती होती. ही गेली की पाठोपाठ सुगतही गेला. गावी शेणामातीचं घर, डॉक्टर पंधरा कोसांवर. तिथं त्याला जगवायचं कसं?

चौथ्या दिवशी क्रांतीला कणकण आली. राहीबाईंनी नर्सला दारातच गाठलं. "बाई, चार दिवस पुढं ढकला की. जरा सावरू द्या तिला."

"आता एक दिवससुद्धा नाही ढकलता येणार, मावशी. तिकडे सगळी तयारी झालीय. आता माघार घेतली तर पेशंट हाती लागणार नाही."

आतून क्रांती ओरडली, "कोण घेतंय माघार? रांगत जाईन, पण जाईन!"

संध्याकाळी राहीबाईंनी तिच्या डोक्याला तेल लावलं. केसांतून बोटं फिरवताना त्यांना राहवेना. "केस जातील का गं?"

"नाही जाणार, अक्का."

"माझ्यासाठी खोटं नको बोलू."

"अहो, खरंच. तुम्ही ऐकून तर घ्या—"

"नको, नको. झोप आता."

पाचव्या दिवशी सकाळी शेवटचं इंजेक्शन घेऊन क्रांती खांद्याला एक पर्स अडकवून निघाली. राहीबाईंनी चार साड्या, शाल, तांब्या भरून ठेवलेली पिशवी तिने तशीच कोपऱ्यात ठेवली. राहीबाईंनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि दिवसभर स्वतःला कामाला जुंपून घेतलं. सुगतला वळवायची वेळ एकदाही चुकवली नाही. परत येईल तेव्हा तिला नवऱ्याची पाठ नितळ दिसली पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दिवेलागणीला दार वाजलं. दारात क्रांती! चेहरा उतरलेला, पण आपल्या पायांवर उभी.

"अगं बाई! सोडलं कसं तुला?" राहीबाईंनी तिला धरून बसवलं. "रक्ताची पिशवी चढवली का न्हाई तुला?"

"मला नव्हतीच चढवायची. माझ्याच रक्तातल्या पेशी काढून घेतल्या, अक्का. पाच तास मशीनला लावून ठेवलं. पिशवी भरली, खोक्यात घातली आणि विमानाने गेली पेशंटकडे."

"पेशंट? मग तू कोण?"

"मी धडधाकट आहे. विहारातल्या जयंतीच्या शिबिरात गालाच्या आतून कापूस फिरवून नेला होता, तो त्या पेशंटशी जुळला. रोज सांगत होते, तुम्ही ऐकतच नव्हता."

राहीबाई तिच्यासमोरच फरशीवर बसल्या. "म्हंजी एवढं सगळं सोसलंस ते… आपलं कोण हाय गं तिकडं?"

"माहीत नाही, अक्का. ते नाव सांगत नाहीत."